हुंकार

पहिल्या बाळंतपणाला मी कराडला, आईकडे गेले होते. चिमीला न्हाऊ घालायला सकाळी नऊच्या सुमाराला मावशी यायच्या. साठी ओलांडलेल्या, काटक, बोलताना शेवटचा शब्द लांबवणाऱ्या. आल्या की हातातल्या बांगड्या कोपराकडे सारायच्या, न्हाणीत पाटावर बसून लुगडं गुडघ्यावर खोचायच्या, पाय पुढे पसरायच्या आणि म्हणायच्या, "द्या बयेला." दोन नडग्यांच्या मधल्या खोबणीत चिमी नेमकी मावायची. डोकं पावलांपाशी, पाय मांड्यांकडे, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर.

नाका-कानात तेल घालायचं नाही, धुरी द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पहिल्याच दिवशी मी ते मावशींना सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं, पण शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी ते पाळलं. बाकी सगळं न्हाणं त्यांच्या रीतीनं व्हायचं. आणि त्या रीतीत एक गोष्ट होती, जी माझ्या लक्षात यायला महिना गेला.

मावशी चिमीला विचारल्याशिवाय काही करत नसत. "हात घिऊ का गं?" असं म्हणायच्या आणि थांबायच्या. थांबायच्या म्हणजे खरंच थांबायच्या. तेलाचा हात हवेत, नजर चिमीच्या तोंडावर. एकदोन श्वास जायचे. मग हात घ्यायच्या. "आता पाठ हां, पालथी घालती." पुन्हा थांबणं. सगळ्यात मोठं थांबणं तांब्याचं. घंगाळातून कोमट पाण्याचा तांब्या भरून त्या चिमीच्या पोटावर धरायच्या आणि आवाज चढवत विचारायच्या, "सोडू का पानी? सोडू? सोडूऽऽ?" तांब्या तसाच. मला आधी वाटायचं, पाण्याची ऊब अंदाजत असतील, किंवा हाताला जरा विसावा देत असतील.

सातवा आठवडा चालू होता. मी दाराच्या चौकटीला टेकून बघत होते. तांब्या वर गेला आणि चिमीचे पाय, जे एकसारखे सायकल चालवत होते, ते एकदम थांबले. पायाची बोटं पसरली. डोळे तांब्यावरून मावशींच्या तोंडावर आले. ओठांचा चंबू झाला, आणि त्यातून एक बारीक, घशातला, ओलसर आवाज आला: "ऊऽऽ."

"सोडलंऽऽ!" म्हणत मावशींनी धार सोडली. चिमी अंगभर थरारली.

"हुंकार देती बघा, ताई," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "आता लागली बोलायला."

आपल्याकडे बाळाच्या या आवाजाला हुंकार म्हणतात. लहानपणी आजी आम्हां भावंडांना गच्चीवर गोष्टी सांगायची, तेव्हा ऐकणाऱ्यानं "हूँ" म्हणत राहायचं असा नियम होता. तोही हुंकारच. हुंकार थांबला की आजी गोष्ट थांबवायची. पोरं झोपली की काय हे तिला त्यावरून कळायचंच, पण तेवढ्यासाठी ते नव्हतं. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही, असं ती म्हणायची. मावशींच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला लख्ख दिसलं, की त्या महिनाभर रोज तांब्या वर धरून याच आवाजाची वाट बघत होत्या. चिमीला तो देता येत नव्हता तेव्हाही त्यांनी तिच्यासाठी ती जागा मोकळी ठेवली होती.

माझी अवस्था तोवर फार वेगळी होती. मी विम्याच्या ऑफिसात काम करते, दिवसभर लोकांशी बोलणं हाच माझा धंदा. पण ही एवढीशी पोर कुशीत आली आणि मला शब्दच सुचेना. "उगी उगी" म्हणायचे, पाजायचे, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचे, लंगोट बदलायचे. सगळं मुकाट्यानं. तिला काही कळत नाही तर बोलायचं काय, असं वाटायचं. आणि मग हिच्याशी आपलं नातं जुळतंय की नाही, या विचारानं रात्री रडू यायचं. बाळंतिणीला असं रडू येतं हे बऱ्याच जणींना माहीत असतं आणि फार कमी जणी ते बोलून दाखवतात. मी आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मावशी न्हाऊ घालतात तेव्हा तू बघतेस का?"

तिला काही कळत नाही हा माझा समज मुळातच चुकीचा होता. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या दोन अभ्यासकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली होती. चोखण्याच्या लयीप्रमाणे कधी आईचा आवाज ऐकू यायचा, कधी दुसऱ्या बाईचा. एवढाल्या जिवांनी आईचा आवाज यावा म्हणून आपली चोखण्याची लय बदलली. म्हणजे मी मुकाट लंगोट बदलत होते, तेव्हा समोर माझा आवाज ओळखणारं, त्याच्यासाठी धडपडणारं कुणीतरी होतं. नव्या बाळाला सगळ्यात स्पष्ट दिसतं तेही साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे वीत, फार तर वीत आणि वर चार बोटं. पाजताना बाळाच्या डोळ्यांपासून आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. आणि मी त्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे, उजव्या बाजूला किती मिनिटं झाली ते मोजत.

पाचवीच्या रात्री आईनं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. पुढे चिमी झोपेत हसायची तेव्हा आई म्हणायची, "सटवाई हसवतेय." ते हसू खरंच आमच्यासाठी नसायचं, डोळे मिटलेले, ओठाचा एकच कोपरा वर जायचा, की पुसलं गेलं. बाळाचं माणसाला बघून येणारं हसू साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात उमटतं. तांब्याचा तो प्रसंग झाला त्याच आठवड्यात एका दुपारी मी चिमीला मांडीवर घेऊन, मावशींसारखं, विचारलं, "टोपडं घालू का गं?" आणि थांबले. मनात पाचपर्यंत मोजलं. तिनं माझ्याकडे बघितलं. भुवया वर गेल्या, हनुवटी थरथरली, मग गालांसकट, डोळ्यांसकट सगळा चेहरा उघडला. हे हसू सटवाईचं नव्हतं. टोपडं हातातच राहिलं.

त्या दिवसापासून आमचं खेळणं सुरू झालं. खेळणं म्हणजे काय, तर हेच. पाळण्याला चिमणाळं होतं, बारशात आलेले चार खुळखुळे होते, पण आमचा खेळ होता दुपट्याच्या घडीचा, झबल्याच्या बाहीतून हात बाहेर येण्याचा. "हात कुठं गेला? हात कुठं गेला?" थांबणं. "आऽऽला!" ती "आगूऽ" म्हणायची, मी "आगूऽ? असं झालं होय?" म्हणायचे, मग गप्प. तिची पाळी. कधी तिची पाळी फार लांबायची; ती आतून शब्द ओढून काढल्यासारखी हात-पाय ताणायची, जीभ बाहेर यायची, तोंड उघडं, आवाज मात्र नाही. तेव्हा मध्येच बोलण्याचा मोह आवरणं सगळ्यात कठीण. मेरी कॅथरीन बेटसन या अभ्यासिकेनं १९७०च्या दशकात दोन-तीन महिन्यांची बाळं आणि त्यांच्या आया यांच्या चित्रफिती बारकाईनं पाहिल्या आणि तिला त्यांत संभाषणाचा सांगाडा दिसला: एकीनं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं, मग उलट. एकही शब्द नाही, पण पाळ्या ठरलेल्या. बोलणं आधी येतं आणि पाळी नंतर शिकतात, असा माझा समज होता. चिमीनं पाळी आधी शिकून घेतली, शब्दांना अजून बराच अवकाश होता.

आमचे एक नातेवाईक भेटायला आले, शिकलेले, प्रेमळ. मी चिमीशी "मंमं", "भुर्र", "जोजो" करत होते ते ऐकून म्हणाले, "बोबडं नका बोलू तिच्याशी, शुद्ध बोला, तसंच शिकेल." हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि मला तो मान्य नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ साली मराठीतल्या या बाळबोलीवर एक शोधनिबंध लिहिला होता, 'वर्ड' नावाच्या भाषाशास्त्राच्या नियतकालिकात. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली शेजारी-शेजारी ठेवून तपासली. अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि आपली मराठी. न्हाणीत, पाळण्याशी, ओसरीवर बायका जे बोलतात ते इतक्या मोलाचं मानलं गेलं, हे कळलं तेव्हा मला मावशींचा चेहरा आठवला.

आणि ते शब्द बघा तरी. मंमं, पापा, बाऊ, हम्मा, भुर्र. ओठ मिटून उघडायचे शब्द, बाळाला बघता येतील असे. दुदू, जोजो, चिऊ, काऊ. एकाच अक्षराचा हेलकावा, नाहीतर शेवटचा स्वर हवा तेवढा लांबवता येईल असा. पिढ्यान् पिढ्या बाळाच्या तोंडाकडे बघत बसलेल्या बायांनी ते घासून-पुसून गोल केलेत. आवाज चढवणं, उतरवणं, लांबवणं हेही उगाच नाही. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८५मध्ये दाखवलं, की चार महिन्यांच्या बाळांना मोठ्यांशी बोलतो तशा सपाट बोलण्यापेक्षा हे हेल काढून केलेलं बोलणं ऐकायला जास्त आवडतं. प्रत्येक 'र'चा 'ल' करावा असं मी म्हणणार नाही. पण हेल काढायला लाजू नये.

हेल काढण्यात आमच्या घरी सगळ्यांत पुढे गेला तो चिमीचा बाबा. तो पुण्याहून शनिवारी यायचा. पहिल्यांदा तिला हातात घेतलं तेव्हा तोही माझ्यासारखाच गप्प. "काय बोलू हिच्याशी?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "कसा आलास ते सांग." मग त्यानं तिला मांडीवर आडवी घेतली आणि एसटीचा प्रवास सांगायला लागला. "कात्रज आलं... खेड-शिवापूर आलं... शिरवळ आलं..." प्रत्येक गावाला मांडी जराशी हलायची, गाडी थांबल्यासारखी. मग खंबाटकीचा घाट. तिथे त्याचा आवाज चढायला लागायचा, गुडघे हळूहळू वर, चिमी वर वर, "चढलीऽ, चढलीऽ, चढलीऽऽ," आणि माथ्यावर पोचलं की तो थांबायचा. अगदी गप्प. चिमी त्याच्या तोंडाकडे श्वास रोखून बघायची. मग "उतरलीऽऽ" करत आवाज आणि गुडघे दोन्ही खाली, सुरूर, भुईंज, सातारा, उंब्रज. कराड आलं की पापा.

असे बरेच शनिवार गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की शिरवळ म्हटल्यावरच ती हसायला लागते. घाट अजून यायचा असतो, पण तिला तो येणार हे ठाऊक असतं. एवढ्याशा जिवाला पुढचं ठाऊक असणं, आणि ते ठाऊक आहे म्हणूनच त्याची मजा येणं, याचं मला अजून नवल वाटतं. आपण मोठी माणसं त्याच त्या गोष्टीला कंटाळतो. बाळाला तेच ते हवं असतं, कारण त्यातच त्याला आपली पाळी कधी येणार ते कळतं.

रविवारी निघण्याआधी तो परतीचा प्रवास सांगायचा. साताऱ्याकडून पुण्याकडे जाताना घाट नाही, बोगदा लागतो. "बोगदा आऽला," म्हणत तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. काळोख. मग हात उघडून, "भॉऽ!" तीन महिन्यांची असताना चिमी बोगद्यात नुसती गोंधळायची. चौथा महिना सरता सरता ती बोगद्यात शिरल्यावर झाकलेल्या हातांकडे एकटक बघत थांबायला लागली. बाबा हातांआड आहे, हे तिला पटलं असावं असं मी म्हणते. जेरोम ब्रुनर यांनी १९७६ साली एका सहकाऱ्याबरोबर याच खेळाचा अभ्यास केला होता. आधी नजर जुळवणं, मग झाकणं, मग उघडणं, मग पुन्हा जुळवणं: लहानग्या खेळाला किती काटेकोर नियम असतात, आणि नियम पाळता पाळता प्रत्येक वेळी थोडासा बदल केला की बाळ किती खूश होतं, ते त्यांनी टिपून ठेवलंय. आमच्या बोगद्याची लांबीही दर रविवारी बदलायची.

खेळ नको असतो तेव्हा बाळ तेही सांगतं. मान फिरवतं, जांभई देतं, उचकी लागते, बोटं फाकवतं, नजर दिव्याकडे नेतं. भेटायला येणारी माणसं अशा वेळी खुळखुळा आणखी जोरात वाजवतात, तोंड आणखी जवळ नेतात, "लाजली बघा" म्हणतात. ती लाजलेली नसते. तिचं पुरे झालेलं असतं. नको म्हणणारी मान मावशींना लांबून कळायची. तेल अर्धं लावून त्या हात मागे घ्यायच्या आणि तिच्यासारख्याच भिंतीकडे बघत बसायच्या, तिची नजर आपणहून परत येईपर्यंत.

चार महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन मी पुण्याला आले. निघताना मावशींनी तिला तीट लावली आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या. मी विचारलं नाही.

पुण्यात पाचव्या महिन्यात मला सर्दी-ताप झाला. पाजायचं तर होतंच, म्हणून तोंडाला मास्क बांधला. दुपारी तिला मांडीवर घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "टोपडं घालू का गं?" ती हसली नाही. पुन्हा विचारलं. तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मग मास्ककडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. पाय झाडले. "आगूऽ" म्हणाली, जरा मोठ्यानं. मी त्या पडद्यामागून हसले, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. तापानं डोळेही सुजलेले, विझलेले असणार. तिनं सगळं करून पाहिलं. हसून पाहिलं, खोकल्यासारखा आवाज काढून पाहिला, हात पुढे करून पाहिला. आणि मग तिनं मान वळवली आणि झबल्याची नाडी चोखत बसली.

ती वळलेली मान मला फार लागली. एड ट्रॉनिक यांचा प्रयोग मी आधी वाचलेला होता. १९७८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात आई बाळाशी आधी नेहमीसारखी खेळते आणि मग ठरवून चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ आधी तिला परत आणायचा प्रयत्न करतं, पुन्हा पुन्हा करतं, आणि शेवटी खचून तोंड फिरवतं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आता ते माझ्याच मांडीवर घडलं होतं. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान बाळांची नजर बोलणाऱ्याच्या डोळ्यांवरून तोंडाकडे सरकत जाते, बोलणं शिकायचं असतं म्हणून, असं २०१२च्या एका अभ्यासात दिसलंय. चिमी त्याच उंबरठ्यावर होती, आणि मी नेमकं तेच झाकून बसले होते.

मास्क काढता येत नव्हता. मग मी तिचा तळहात घेतला आणि त्यावर बोट टेकवलं. थांबले. तिची मान फिरलेलीच. बोट मनगटापर्यंत चालत नेलं, थांबले. कोपरापर्यंत, थांबले. नाडी चोखणं थांबलं. दंडापर्यंत आलं तशी तिनं खांदा आवळून घेतला, आधीच, गुदगुली व्हायच्या आधीच, आणि वळून बघितलं. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामातून एक गोष्ट पुढे आली, जिचा मला फार आधार वाटतो: आई आणि बाळाचा ताल बराचसा वेळ चुकलेलाच असतो. चांगल्या, मायाळू आयांचाही. चुकतो, मग दोघं मिळून तो पुन्हा जुळवतात, आणि त्या जुळवण्यातूनच नातं घट्ट होत जातं. गाण्यात सम सुटते आणि पुढच्या आवर्तनात सापडते, तसं. मान वळली म्हणून सगळं संपलं असं नसतं, हे त्या दुपारी मला बोटाच्या टोकाला कळलं.

२०१७ सालच्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे नोकरदार बाईला बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची मिळते. त्यातले दोन मी आधीच घेतले होते. उरलेले २४ संपायला आले. रुजू व्हायच्या आदल्या रात्री मी चिमीच्या शेजारी आडवी झाले होते. आई पुण्यात येऊन राहिली होती, तिला सगळं समजावून झालं होतं, दुधाच्या बाटल्या उकळून झाल्या होत्या, ऑफिसची पर्स दाराशी ठेवली होती. दिवा मालवलेला. बोलायला काही उरलं नव्हतं, आणि बोलले असते तर आवाज फुटला नसता. मी गप्प पडून होते.

काळोखात मच्छरदाणीच्या आतून आवाज आला. "आगूऽऽ."

मी काही बोलले नाही. तीही थांबली. पाय झाडणं थांबलं, श्वास ऐकू येईना. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा उजेड छतावरून फिरून गेला, त्यात मला तिचे डोळे दिसले. माझ्या तोंडाकडे लागलेले, भुवया वर.

मी म्हटलं, "हूँ."

तिनं हात-पाय ताणले, घसा साफ केल्यासारखा केला, आणि पुढचं सांगायला घेतलं.